बुक क्लबात गप्प बसणाऱ्या वहिनीला

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, मी सोलापुरात पूर्व भागात राहते. घरात तेलुगू, बोलता येतं पण लिपी येत नाही, सासूबाईंना येते. शाळा मराठी मीडियम, आता एमआयडीसीत एका टॉवेल एक्स्पोर्टवाल्यांच्या ऑफिसात काम करते, बायरला मेल टाकण्यापुरतं इंग्रजी जमतं. माझी नणंद पुण्यात असते, तिच्या मैत्रिणींचा बुक क्लब आहे, महिन्याला एक पुस्तक आणि शेवटच्या रविवारी व्हिडिओ कॉल. साऊथ एशियन लेखकांच्या नव्या कादंबऱ्या वाचतात. तिनं हौसेनं मला घेतलं आणि पहिलंच पुस्तक आलं टूम ऑफ सँड, सातशेच्या आसपास पानं! ओळीओळीला फोनवर अर्थ बघत बसते, महिना संपला तेव्हा मी ६० पानांवर. कॉलवर कॅमेरा बंद करून बसले. मिस्टर म्हणतात, अवॉर्डवाली पुस्तकं आपल्यासाठी नसतात, झोप आता. ताई, आधी इंग्रजीचा क्लास लावू का? का ग्रुपच सोडू? आणि खरं खरं सांगा, पाकिस्तान-श्रीलंकेतल्या लोकांच्या गोष्टी वाचून मला काय मिळणार आहे?"

अगं बाई, त्या अख्ख्या ग्रुपात एकीनंही तुला सांगितलं नाही का की हे पुस्तक मुळात हिंदी आहे? टूम ऑफ सँड म्हणजे गीतांजली श्री यांची 'रेत समाधी', २०१८ साली राजकमलनं काढली, चांगली देवनागरीत छापलेली, इंग्रजीच्या निम्म्याच्या जवळपास पानांत बसते. तू शाळेत हिंदी शिकलीस, टीव्हीवर रोज ऐकतेस, तुमच्या पॅकिंगमधल्या यूपी-बिहारच्या पोरांशी हिंदीतच बोलत असशील, आणि तू बसलीयस त्याच पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादातला शब्द न् शब्द फोनमध्ये टाकत. चुकीची प्रत हातात आली तुझ्या, बाकी काही झालेलं नाही.

त्यामुळं क्लासचं आधी निकालात काढू. ऑफिसात पगार वाढणार असेल तर खुशाल लाव क्लास, पण कादंबरीसाठी नको. क्लासवाले टेन्स शिकवतील, ॲक्टिव्ह-पॅसिव्ह शिकवतील, आणि कादंबरीतली माणसं तर घरातल्या माणसांसारखं अर्धवट बोलतात, मध्येच तोडतात, टोमणे मारतात, ते कुठल्या क्लासात शिकवत नाहीत.

आता हिंदीतनं घेतलंस म्हणून भराभर पळेल असंही समजू नको हं. ते पुस्तक मुद्दाम रेंगाळणारं आहे. ऐंशीच्या घरातली एक आजी, नवरा गेला आणि ती सगळ्यांकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून पडून राहिली, मुलगा, सून, लेक, नातू सगळे उठवायला बघतायत आणि ती उठत नाही. पुस्तकाचे तीन भाग आहेत, पीठ, धूप आणि हद-सरहद, आणि पहिल्या भागात ती जवळजवळ पडूनच असते म्हणून निम्मे लोक तिथंच पुस्तक बाजूला ठेवतात. पण तू त्या घरात बघ ना काय काय चाललंय, थोरल्याच्या घराचं दार कोणासाठी कसं उघडतं, सून काय मनात ठेवते, लेक आली की सगळ्यांचे चेहरे कसे होतात, हे तुला मला सांगावं लागणार आहे होय? दुसऱ्या भागात आजी लेकीकडं राहायला जाते, रोझी नावाच्या तृतीयपंथी मैत्रिणीबरोबर तिची जी गट्टी जमते ती वाचताना मी तर दुपारचा चहा विसरले होते. आणि तिसऱ्यात पाकिस्तान. पुढचं सांगत नाही. मध्ये कावळे सभा भरवतात, लेखिका गोष्ट सोडून भलतीकडंच जाते, एखादं प्रकरण दोन ओळींत संपतं, तेव्हा घाबरायचं नाही. आपल्या गड्ड्याच्या जत्रेला गेल्यावर आपण पहिल्या स्टॉलपासून शेवटच्या पाळण्यापर्यंत रांगेनं फिरतो का, जिथं मन लागलं तिथं थांबतो आणि बाकीचं बघत बघत पुढं जातो, तसंच वाचायचं. आणि जमलं तर थोडं मोठ्यानं वाच, या बाईंची वाक्यं कानाला आधी कळतात.

फोनवर अर्थ बघायचं मात्र बंद कर. एकच शब्द सारखा सारखा आडवा येतोय आणि त्याच्यापायी गोष्टच अडलीय, तेव्हाच बघायचा. नाहीतर एका पानाला अर्धा तास लागतो आणि शेवटी पानाच्या सुरवातीला कोण कोणाशी भांडत होतं तेच आठवत नाही, मग मजा कसली येणार.

मिस्टरांचं बोलणं मी नुसतं हसण्यावारी नेणार नाही, कारण बऱ्याच घरांत लोक असंच म्हणतात. त्यांना एवढंच सांग की २०२२ चं जे इंटरनॅशनल बुकर या पुस्तकाला मिळालं ते अवॉर्ड इंग्रजीत अनुवाद होऊन ब्रिटन-आयर्लंडमध्ये छापलेल्या पुस्तकांसाठीच असतं, आणि ५० हजार पौंड लेखिका आणि अनुवाद करणाऱ्या डेझी रॉकवेल यांच्यात निम्मे निम्मे वाटले गेले. म्हणजे परीक्षकांनीही अनुवादच वाचला, मूळ पुस्तक वाचायची सोय तुमच्या घरात आहे. आपल्याकडचं, भारतीय कादंबरीला दिलं जाणारं जेसीबी प्राइझ घे, २०१८ ते २०२४ या सात वर्षांत पाच वेळा अनुवादित कादंबरीला गेलं, तीनदा मल्याळम, एकदा उर्दू, एकदा तमिळ. तेव्हा ही 'साऊथ एशियन' म्हणून जी पुस्तकं पुण्यात इंग्रजीतनं वाचली जातायत त्यातली कितीतरी कुठल्यातरी तालुक्याच्या गावात, घरात बोलतात त्या भाषेत लिहिलेली आहेत. पण अवॉर्डांच्या याद्या डोळे झाकून घेऊ नकोस असंही माझं मत आहे, जे इंग्रजीत पोचलंय तेवढंच त्यांना दिसतं, न पोचलेलं कितीतरी चांगलं तसंच पडून राहतं, आपल्या मराठीचंच बघ की.

मग वाचायचं काय, तर शेजाऱ्यांपासून सुरू कर. तू सोलापुरात राहतेस, अक्कलकोटच्या बसमध्ये बसलीस तर निम्मी बस कन्नड बोलते, विजापूर वेशीत दखनी उर्दू, तुमच्या पूर्व भागात तेलुगू. पुण्यातल्या मैत्रिणींना हे सगळं पुस्तकात पहिल्यांदा भेटतं. तुझं तसं नाही, आणि हा फायदा तू वापरतच नाहीयेस.

बानू मुश्ताक यांचं 'हार्ट लॅम्प' घे. यांना २०२५ चं इंटरनॅशनल बुकर मिळालं, कन्नडमधल्या १२ गोष्टी, दीपा भास्ती यांनी इंग्रजीत आणल्या. कादंबरी नाही, गोष्टी आहेत, म्हणून तुझ्यासाठी तर आणखीच बरं, रात्री भांडी झाल्यावर एक गोष्ट वाचायची आणि झोपायचं. बाई पेशानं वकील, हासनच्या, आणि गोष्टी सगळ्या कर्नाटकातल्या मुस्लिम घरांतल्या बायकांच्या. इंग्रजी तसं सोपं आहे आणि मध्ये मध्ये कन्नड-उर्दू शब्द तसेच ठेवलेत, खाली टीप नाही, तिरकी अक्षरं नाहीत, ते शब्द पुण्यात अडतील, तुला अडणार नाहीत.

त्यातली 'रेड लुंगी' आधी वाच. उन्हाळ्याची सुट्टी, घरात सगळ्या नात्यातली पोरं गोळा झालेली, नुसता कल्ला, आणि घरातली रझिया डोकं धरून बसलीय, मग ती ठरवते की चला, मुलांची सुंता उरकून टाकू म्हणजे काही दिवस तरी अंथरुणाला खिळून राहतील. सुरवातीला हसूच येतं वाचताना. मग गरिबांच्या पोरांची सामुदायिक सुंता एका बाजूला आणि श्रीमंत घरातल्या पोरांची दवाखान्यात डॉक्टरकडं, आणि जखम कोणाची लवकर भरते ते बघ. कुठं भाषण नाही, कुठं बघा गरिबी कशी असते असा सूर नाही, बाई नुसतं सांगत जातात आणि आपलं हसू कधी गेलं कळतच नाही. ज्या गोष्टीवरनं पुस्तकाला नाव मिळालंय ती मात्र मन बरं असेल त्या दिवशी वाच. मेहरून नावाची बाई, नवरा दुसरीकडं गुंतलाय म्हणून तान्ह्या पोरीला घेऊन माहेरी येते आणि भाऊच तिला परत नेऊन सोडायला निघतात. सोलापुरात अशी गोष्ट ऐकली नाही अशी एक तरी बाई दाखव मला.

दुसरं, विवेक शानभाग यांचं 'घाचर घोचर'. हेही कन्नड, इंग्रजी श्रीनाथ पेरूर यांचं, सव्वाशेच्या आत-बाहेर पानं, दोन रविवारांत होतं. बंगळुरातलं एक घर, आधी छोट्याशा जागेत मुंग्या मारत राहणारं, मग काकाचा मसाल्याचा धंदा चालतो आणि पैसा येतो. आणि पैसा आल्यावर काय होतं ते लिहिलंय. घरात कमावणारा एकटा काका, म्हणून सगळं घर त्याच्या भोवती फिरतं, त्याचं जेवण, त्याचा चहा, त्याचे कपडे, त्याचा मूड. एके दिवशी दारात एक बाई येते, काकाला आवडते म्हणून मसूरची आमटी घेऊन. बास, एवढंच. आणि घरातल्या बायका तिला दारातच ज्या शब्दांत झोडपतात, आई, बहीण, अशा चांगल्या घरच्या बायका! काका आत असून बाहेर येत नाही. आणि आपला गोष्ट सांगणारा, ज्याला आख्ख्या पुस्तकात नाव नाही, तो नुसता बघत उभा असतो, त्याची बायको अनिता तेवढी अस्वस्थ होते. ज्या घरात चार माग एकाच्या नावावर आणि दहा माणसं त्याच्या जिवावर असतात त्या घरात लग्न होऊन आलेल्या कुठल्याही पोरीला हे पान समजावून सांगायची गरज नाही. शेवटाबद्दल ग्रुपात वाद होणार हे मी आत्ताच लिहून देते.

तमिळमधले पेरुमाळ मुरुगन एकदा वाच, 'पायर' या नावानं इंग्रजीत आहे ते, मूळ 'पूक्कुळी'. सोडावॉटरच्या दुकानात काम करणारा पोरगा दुसऱ्या जातीच्या मुलीशी लग्न करून तिला गावी घेऊन येतो, दोघं बसमधनं उतरतात तिथनं गोष्ट सुरू. इंग्रजी साधं, छोटी छोटी वाक्यं. याच लेखकावर आधीच्या एका कादंबरीवरनं इतका दबाव आला की २०१५ साली त्यांनी फेसबुकवर लिहिलं, लेखक पेरुमाळ मुरुगन मेला, आणि २०१६ मध्ये मद्रास हायकोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला तेव्हा पुन्हा लिहायला लागले. हे मिस्टरांना पण सांग, त्यांना कादंबरीत नसला तरी कोर्टकचेरीत इंटरेस्ट असेल.

आणि तेलुगू. तुला लिपी येत नाही, सासूबाईंना येते, मग अडलंय कुठं? ओल्गा यांचं 'विमुक्त' मिळव, २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला आहे, छोटंसं आहे, रामायणातली सीता आणि तिला भेटणाऱ्या शूर्पणखा, अहल्या, रेणुका, ऊर्मिला. जेवणं झाल्यावर सासूबाईंना म्हण, अत्तम्मा, थोडं वाचून दाखवता का. पुस्तकातलं तेलुगू आणि तुमच्या घरातलं तेलुगू सगळं जुळणार नाही, काही ठिकाणी त्याच सांगतील. शूर्पणखेची बाजू ऐकून सासूबाईंना पटेल न पटेल, थोडी वादावादी होईल, होऊ दे, सासू-सुनेत सिंक आणि सिलिंडर सोडून दुसऱ्या कशावरनं तरी होईल. इंग्रजी हवंच असेल तर 'द लिबरेशन ऑफ सीता' नावानं आहे, ग्रुपवाल्यांना तेच दे.

आता तुझा तो शेवटचा प्रश्न, पाकिस्तान-श्रीलंकेच्या गोष्टींतनं काय मिळणार. मिळणार म्हणजे तुला काय पाहिजे ते तू लिहिलं नाहीस. जनरल नॉलेज पाहिजे असेल तर पेपर वाच, स्वस्तात होईल. मला विचारशील तर मोहसिन हमीद यांचं 'द रिलक्टंट फंडामेंटलिस्ट' मी केवळ त्या माणसाच्या बोलण्यासाठी वाचलं. लाहोरच्या बाजारात चहाच्या टेबलावर एक दाढीवाला तरुण समोर बसलेल्या अमेरिकन माणसाशी बोलतोय, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकटाच बोलतोय, इतकं अदबीनं की आपल्याला हळूहळू भीती वाटायला लागते, आणि समोरचा कोण आहे, टुरिस्ट का आणखी कोणी, हे आपण त्याच्या बोलण्यातनंच ताडायचं. दोनशेच्या आतली पानं, इंग्रजी अगदी स्वच्छ. शेहान करुणातिलक यांचं 'द सेव्हन मून्स ऑफ माली अल्मेडा' मात्र आत्ता हातात घेऊ नको, २०२२ चं बुकर (इंग्रजीतच लिहिलेल्या कादंबऱ्यांचं, ते वेगळं) असलं तरी. १९९० चं कोलंबो, मेलेला फोटोग्राफर स्वतःचा खून कोणी केला ते शोधतोय आणि सगळं पुस्तक त्याला 'तू' म्हणून सांगितलंय, भन्नाट आहे, पण त्यात तिथल्या संघटनांची आणि पक्षांची इतकी आद्याक्षरं येतात की तू परत फोन घेऊन बसशील. पुढच्या वर्षी वाच.

ग्रुप सोडायचा प्रश्नच नाही. फक्त नणंदेला सरळ सांग की मी रेत समाधी हिंदीतनं वाचणार आणि बोलणार मराठीतनं, ती काय नाही म्हणणार नाही, तिनंच तुला घेतलंय. आणि कॅमेरा चालू ठेव. तिथं नॅरेटिव्ह, लेयर्ड, न्युआन्स्ड असले शब्द उडत असतील तर उडू देत, तू आपली एक जागा धरून बोल, की अमक्या पानावर ती सून असं का वागली मला पटलं नाही, किंवा इथं मी पुस्तक मिटून ठेवलं कारण राग आला. एक जागा आणि त्याचं कारण, एवढं बोललीस की पुढं बाकीच्या बोलतात. पुस्तक अर्धवट राहिलं असेल तर अर्धवट राहिलं म्हणून सांग, त्या सातशे पानांतली सगळी पानं बाकीच्यांनीही वाचलेली नसणार, माझ्यावर विश्वास ठेव.

पैशाचं पण बघ, सगळी पुस्तकं विकत घेऊ नको. किंडल ॲपवर बहुतेक पुस्तकांची सुरवातीची पानं फुकट वाचता येतात, तेवढी वाचून जीभ अडखळली नाही तरच पैसे घाल. हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन चौकशी कर, कन्नडमधनं मराठीत आलेलं वाचायचं असेल तर उमा कुलकर्णींनी केलेले भैरप्पांचे अनुवाद विचार, जुने आहेत पण तुझी वाचायची सवय परत यायला फार उपयोगी, भैरप्पांची मतं मला सगळी पटत नाहीत तरी माणूस गोष्ट सांगताना सोडत नाही आपल्याला.

आणि मराठी विसरू नका गं, मराठी काय साऊथ एशियाच्या बाहेर आहे का? जयंत पवार यांचं 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' वाच, गिरण्या गेल्यानंतरच्या मुंबईतल्या माणसांच्या गोष्टी, २०१२ चा साहित्य अकादमी मिळालेलं पुस्तक. लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्या बंद झालेल्या आपल्या गावात ते वाचायला वेगळंच वाटतं.

ग्रुपात पुस्तक सुचवायची तुझी पाळी आली की सचिन कुंडलकर यांचं 'कोबाल्ट ब्लू' सुचव. पुण्यातलंच घर, घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेला एक मुलगा, आणि भाऊ नि बहीण दोघंही त्याच्यात गुंतलेली, आधी भाऊ सांगतो, मग बहीण सांगते. मूळ मराठी २००६ चं, जेरी पिंटो यांनी इंग्रजी केलेलं २०१३ चं, म्हणजे ग्रुपच्या नियमात बसतं. पुण्याच्या मैत्रिणी इंग्रजीतनं वाचतील, तू मराठीतनं वाच, आणि त्या रविवारी कोण कोणाला काय विचारत होतं ते मला लिहून कळव.